डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया आणि गरोदरपण: ‘रेमिशन’चा घोळ

डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया हा जन्मजात आजार; यात हाडांतल्या मज्जेत लाल रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत. १९३८ साली बॉस्टनमध्ये चार मुलांवरून त्याची ओळख पटली, तेव्हा प्रश्न मूल जगवण्याचा होता. १९५१मध्ये स्टेरॉइडचा गुण दिसला. पुढे नियमित रक्त आणि साठलेलं लोह काढणारी औषधं आली, मुली मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या. १९९९मध्ये ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो असं पहिलं जनुक सापडलं, आरपीएस१९.

खरा गोंधळ एका शब्दाने घातलाय. स्टेरॉइड किंवा रक्त न घेता सहा महिने हिमोग्लोबिन टिकलं की ‘रेमिशन’, म्हणजे आजार ओसरला, अशी व्याख्या २००८च्या तज्ज्ञ-सहमतीत आहे. मुलांच्या उपचारासाठी ती ठीक. पण मज्जेतला दोष जागच्या जागी असतो. फाइलवर ‘रेमिशन’ वाचून बाईला नेहमीच्या ओपीडीत बसवलं जातं. दिवस गेल्यावर यातल्या कित्येक जणींना पुन्हा रक्त चढवावं लागतं; संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्यांनीही हिमोग्लोबिन घसरल्याच्या नोंदी आहेत. त्यापेक्षा फाइलवर आजवर रक्ताच्या किती पिशव्या चढल्या ते लिहिलेलं बरं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि बाहेर पडायला वाटच नसते. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी दिसलं की ६० मिलिग्रॅम लोहाच्या लाल गोळ्या दुप्पट होतात. इथे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय त्या देऊच नयेत. फॉलिक ॲसिड वेगळं द्यावं. लोह काढणाऱ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या गर्भधारणेआधीच बंद कराव्या लागतात, म्हणून हृदय आणि यकृतातलं लोह एमआरआयने त्यापूर्वीच मोजून घ्यायचं. नंतर ते काढायला फारसा वाव उरत नाही.

२००६मध्ये फ्रान्स आणि जर्मनीच्या नोंदवह्यांतली ६४ गरोदरपणं तपासली, त्यातली ४२ गुंतागुंतीची निघाली: गर्भपात, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात धोकादायक वाढणारा रक्तदाब), बाळाची खुंटलेली वाढ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, पोटातच मृत्यू. बरीचशी गुंतागुंत वारेच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेली होती. तेव्हापासून हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या आसपास राखणं, कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि वारंवार डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) यांवर भर आला. रक्त देताना फक्त गट जुळवून भागत नाही. उपगटही जुळवावे लागतात, नाहीतर आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि त्या वार ओलांडून बाळाच्या पेशी फोडू शकतात.

दोष बाळात उतरण्याची शक्यता दर खेपेला निम्मी. आई सौम्य म्हणून बाळही सौम्य, असं गृहीत धरता येत नाही. क्वचित पोटातच बाळाचं रक्त इतकं कमी होतं की अंगात पाणी साठतं. मेंदूच्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग डॉपलरवर वाढलेला दिसला, तर त्याची शंका आधी येते.