प्युरिफायर चालू आहे, तरी खोली कोंदटच का?

रात्रभर एअर प्युरिफायर चालूनही सकाळी खोली कोंदट वाटते, याचा अर्थ यंत्र बिघडलंय असा नाही. त्यातला हेपा फिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म कण गाळणारी दाट जाळी, धूर, धूळ, परागकण अडवतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, बाष्प आणि प्लायवूडच्या फर्निचरमधून सुटणारा फॉर्मल्डिहाइड मात्र त्यातून आरपार निघून जातात. स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. कण गाळायला फिल्टर लागतो, वायू बाहेर काढायला खेळती हवाच लागते.

साधा हिशोब करून पाहा. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३० घनमीटरच्या, म्हणजे ३०,००० लिटरच्या बंद खोलीत दोघं झोपले, तर तासाला जवळपास ८७० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ८७० भाग) भर पडते. बाहेरच्या हवेत तो ४२० ते ४३० पीपीएम असतो. फटींतून थोडी हवा येते-जाते म्हणून वाढीचा वेग कमी होतो, पण घट्ट बंद खोलीत दोन तासांत २,०००चा आकडा ओलांडला जातो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. हा वायू त्या पातळीला विषारी असतो म्हणून नव्हे, तर माणसांनी सोडलेलं बाकी सगळंही खोलीत साचतंय याची ती खूण आहे म्हणून. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मीटरचा आकडा आजही याच अर्थाने वाचावा.

मीटर घेताना तो ‘एनडीआयआर’ सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा आहे ना, हे पाहा. काही स्वस्त मीटर इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात. अत्तर फवारलं तरी त्यांचा आकडा चढतो. बरेच मीटर आपल्याला अधूनमधून ताजी हवा मिळते असं धरून आपला मूळ आकडा आपोआप जुळवतात. सतत बंद खोलीत ठेवले तर ते हळूहळू चुकू लागतात. म्हणून अधूनमधून मीटर वीसेक मिनिटं मोकळ्या हवेत ठेवावा.

समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडल्या तरी बराच फरक पडतो. बाहेरच धूर असेल, तर तो कमी असण्याची वेळ गाठून खिडक्या उघडाव्यात आणि मग प्युरिफायर लावावा. त्याची क्षमता खोलीच्या आकारमानावरून ठरते. १२ चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची खोली ३६ घनमीटरची होते. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे स्वच्छ हवा देण्याचा वेग, तासाला १८० घनमीटर असावा. खोक्यावरचा आकडा सर्वांत वेगवान पंख्याचा असतो, आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. त्यामुळे मधल्या वेगावर पुरेल असं यंत्र घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नका. ओझोन फुप्फुसांना इजा करतो, शिवाय लिंबाच्या वासाच्या क्लीनरशी संयोग पावून नवा फॉर्मल्डिहाइड तयार करतो.

घरात प्रदूषण सर्वांत जास्त होतं ते स्वयंपाकघरात. चिमणीचा पाइप बाहेर सोडलेला नसेल, तर ती फक्त तेलकट कण अडवते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ घरातच राहतात. पाइप गुळगुळीत, कमी वळणांचा आणि चिमणीच्या तोंडाइतक्याच व्यासाचा हवा. १५० मिलिमीटरचा पाइप मध्येच १०० वर आणला किंवा घडीचा पाइप न ताणता बसवला, की आवाज वाढतो आणि ओढ घटते. शेगडी पेटवण्याआधी चिमणी सुरू करा, नंतरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, धुराचे पदार्थ मागच्या बर्नरवर करा. एखादी खिडकी थोडी उघडी हवीच. सगळं बंद असेल, तर जोरदार चिमणी घरातल्या गॅस हीटरच्या धुराड्यातून वायू उलटे आत खेचू शकते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर ते जिवावर बेततं.

मोठ्या इमारतींत दुखणं बहुधा बाहेरची हवा घेणाऱ्या डॅम्परमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या उघडझाप करणाऱ्या पातीच्या झडपेत असतं. वीज वाचवायला कुणीतरी तो बंद केलेला असतो, किंवा मोटर फिरते आणि पाती अडकलेलीच असते. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर मात्र ‘३० टक्के उघडा’ असं दिसत राहतं. म्हणून तिथे जाऊन पाती हलते का, हे डोळ्यांनी पाहा. बैठ्या कामाच्या जागी माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड साधारण १,०००च्या आत राहतो. हवा आत घेण्याची जाळी जनरेटरच्या धुरापासून आणि वाहनतळापासून दूर हवी.

फिल्टर मर्व्ह १३ दर्जाचा घ्या (मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती अडवतो याचं मोजमाप), पण आधी पंख्याला तो दाब पेलतो का, हे तपासा. चौकटीभोवती बोटभर फट राहिली, की बरीच हवा न गाळताच निसटते. तिथे गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, बसवा. फिल्टर तारीख पाहून नव्हे, दाबमापकावरून बदला. एसीखालच्या ट्रेमध्ये पाणी साचू देऊ नका, तिथेच बुरशी धरते. आणि सफाई संध्याकाळी होत असेल, तर पंखे कर्मचाऱ्यांबरोबर बंद न करता सफाईनंतर तासभर चालू ठेवा.