बॉस्टनचा बोलका सील

मत्स्यालयात सीलच्या टाकीपुढे गर्दी कायम असते आणि सगळे बघतात ते त्याचे डोळे. टपोरे, काळेभोर, बघणाऱ्याला विरघळवून टाकणारे. मी पक्की सीलवेडी. परगावी गेले की आधी तिथलं मत्स्यालय गाठते. पण सोबत कुणी असलं की मी एकच गोष्ट सांगते : डोळे राहू द्या, नाक बघा.

सील पाण्यावर डोकं काढतो तेव्हा नाकपुड्यांच्या जागी दोन तिरक्या चिरा दिसतात, घट्ट मिटलेल्या. मग त्या एकदम उघडतात, ‘फुस्स’ असा आवाज येतो, श्वास आत जातो आणि चिरा परत बंद. आपल्याला नाक बंद करायचं तर चिमटीत धरावं लागतं. सीलचं नाक एरवी बंदच असतं, ते उघडायला स्नायू ताणावे लागतात. म्हणजे त्याचा जवळजवळ प्रत्येक श्वास हा मुद्दाम घेतलेला श्वास. पाण्यात उभ्या बाटलीसारखा तरंगत डुलक्या काढणारा सील बराच वेळ न्याहाळला, तर हे स्पष्ट दिसतं.

बुडी मारण्याआधी सील बरीचशी हवा बाहेर सोडतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचा प्राणवायूचा साठा फुप्फुसात नसतोच मुळी. तो असतो रक्तात आणि स्नायूंमध्ये. सीलच्या स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं की मांस काळपट दिसतं. पाण्याखाली गेल्यावर हृदयाचे ठोकेही झपाट्याने उतरतात.

पण वर कधी यायचं, हे त्याला कसं कळतं? आपण श्वास रोखला की जी घुसमट होते ती मुख्यतः साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू कमी झालाय हे आपल्या शरीराला थेट असं फारसं जाणवत नाही, म्हणून तर श्वास रोखून पोहणारी माणसं कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी करड्या सीलना श्वासासाठी वेगवेगळ्या मिश्रणांची हवा देऊन पाहिलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : प्राणवायू वाढवला की बुडी लांबते, घटवला की आखूड होते. कार्बन डायऑक्साइड भरमसाट वाढवला तरी सीलला त्याचं काहीच नाही. रक्तात प्राणवायू किती उरलाय, हेच त्याला समजत असावं.

श्वासावर एवढा ताबा असलेल्या प्राण्याच्या आवाजाचं काय? इथे हूवरची गोष्ट सांगायलाच हवी.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात, किनाऱ्यालगतच्या एका कुटुंबाला सीलचं अनाथ पिल्लू मिळालं. त्यांनी त्याला आधी न्हाणीघरातल्या टबात आणि मग घरामागच्या तळ्यात वाढवलं. मासे असे ओढून घ्यायचं की त्या नावाच्या व्हॅक्यूम क्लीनरवरून त्याचं नाव पडलं हूवर. पुढे त्याचा खुराक काही झेपेना, तेव्हा त्याची रवानगी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड ॲक्वेरियममध्ये झाली. तिथे काही वर्षं गेली, हूवर वयात आला आणि बोलायला लागला. ‘हॅलो देअर’, ‘कम ओव्हर हिअर’, ‘गेट आउट ऑफ हिअर’! आवाज घोगरा, पुरुषी, त्यात मेनकडच्या बोलीची झाक. काठावरची माणसं दचकून मागे वळून बघायची.

हूवरला त्या शब्दांचा अर्थ कळत होता का? कळत असण्याचं काही कारण दिसत नाही. बहुधा ज्यांनी वाढवलं त्यांच्याच बोलण्याची ती नक्कल होती. हूवरच्या जातीचे (हार्बर सील) नर विणीच्या हंगामात पाण्याखाली गुरगुरतात, तेव्हा वयात आल्यावरच त्याला कंठ फुटला हेही साहजिक वाटतं. १९८५ साली कॅथरीन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नकलेवर शोधनिबंध लिहिला. हूवर त्याच वर्षी गेला. त्याची पिल्लं त्याच्यासारखी बोलली नाहीत, म्हणजे ही विद्या रक्तातून उतरणारी नव्हती.

मौज म्हणून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. मांजरांत वाढलेलं कुत्र्याचं पिल्लू म्याँव करत नाही. व्हिकी नावाच्या चिंपांझीला एका जोडप्याने स्वतःच्या मुलासारखं वाढवलं, वर्षानुवर्षं शिकवलं, तेव्हा कुठे ती चारेक शब्द कसेबसे काढायला लागली. ऐकून नवा आवाज काढता येणं सस्तन प्राण्यांत फार थोड्यांना जमतं : आपण, देवमासे आणि डॉल्फिन, वटवाघळं, हत्ती आणि सील. यादी पाहून संशोधकांना एक शंका आली. पाण्यात राहायचं म्हणून श्वास हवा तेव्हा रोखायची, सोडायची सवय ज्यांना लागली, त्यांना आवाजावर ताबा मिळवणं सोपं गेलं असेल का? शेवटी बोलणं म्हणजे उच्छ्वासाला शिस्त लावणंच. वटवाघळं आणि हत्ती या तर्कात बसत नाहीत हे खरं, पण सीलपुरता मला तो पटतो.

हूवर एकटाच अवलिया होता असंही नाही. सेंट अँड्र्यूजच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये तीन करड्या सीलच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतली झोला ‘ट्विंकल ट्विंकल’च्या सुरुवातीचे सूर बऱ्यापैकी बरोबर लावायची. इतर दोघांनी माणसाच्या बोलण्यातल्या स्वरांची नक्कल केली आणि तीही आपल्यासारखीच, घशातल्या-तोंडातल्या पोकळीचा आकार बदलून. नेदरलँड्समधल्या पीटरब्युरेनच्या सील-केंद्रात तर अवघ्या काही आठवड्यांच्या पिल्लांना समुद्राचा गोंगाट ऐकवला. गोंगाट वाढला तशी त्यांनी आपल्या आवाजाची पट्टी खाली आणली.

अरबी समुद्रात सीलची वस्ती नाही, त्यामुळे हे सगळं बघायला आपल्याला दूर जावं लागतं. बॉस्टनकडे मराठी मंडळी पुष्कळ आहेत, कुणाकडे ना कुणाकडे जाणं होतंच. तिथल्या ॲक्वेरियमची सीलची टाकी इमारतीच्या बाहेर, दारातच आहे, तिकीट न काढताही दिसते. जमलं तर खाऊ घालायच्या वेळेला जा. सील तेव्हा हमखास वर येतात आणि नाकं अगदी जवळून बघायला मिळतात.