बालविकास शिकायचा की बालशिक्षण?

‘मला लहान मुलांमध्ये काम करायचंय’ असं बारावीनंतर सांगणाऱ्या मुलांमुलींपुढे दोन नावं येतात. एक बालविकास, म्हणजे विद्यापीठात बहुधा गृहविज्ञान शाखेत ‘ह्युमन डेव्हलपमेंट’ या नावानं असलेला विषय. दुसरं बालशिक्षण, म्हणजे ईसीसीई (लहान मुलांची देखभाल आणि शिक्षण) किंवा पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका. दोन्हीकडे मुलांची विचारशक्ती कशी घडते हे मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे शिकवतात, दोन्हीकडे बालवाडीत जावं लागतं, म्हणून दोन्ही एकच असं समजून प्रवेश घेतले जातात. वर्षभरानं कळतं की आपल्याला हवं होतं ते शेजारच्या वर्गात होतं. हे टाळता येतं.

जूनमधली बालवाडी डोळ्यांपुढे आणा. साडेतीन वर्षांची एक मुलगी दाराशी आईला सोडायला तयार नाही. बालविकासाची विद्यार्थिनी कोपऱ्यात वही घेऊन बसली आहे. ती लिहिते: ९.०५, दोन्ही मुठींत आईची ओढणी. ९.०८, आई गेली, मोठ्यानं रडणं. ९.१४, रडणं थांबलं, नजर दाराकडेच. ९.१९, शेजारच्या मुलाच्या ठोकळ्यांकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. ‘घाबरली’, ‘हट्टी आहे’ असले शब्द या वहीत चालत नाहीत. दिसलं तेवढंच लिहायचं. अर्थ नंतर लावायचा आणि वेगळा लिहायचा. ही सवय अंगवळणी पडायला महिने जातात, आणि माझ्या मते या पदवीतली सगळ्यात मोलाची कमाई हीच.

मग प्रश्न सुरू होतात. आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास दिसू लागते, पुढच्या वर्षभरात तीव्र होते आणि हळूहळू ओसरते. मग हिच्यात आत्ता ती एवढी का? घरात नवं बाळ आलंय का? हिला सांभाळणारी आजी गावी गेली का? बाळ आणि आई यांच्यातल्या जिव्हाळ्याच्या बंधाचा अभ्यास करणाऱ्या बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचं काम इथे उपयोगी पडतं, आणि ते आपल्या एकत्र कुटुंबातल्या मुलाला कितपत लागू होतं, हा प्रश्नही इथेच विचारायचा असतो.

बालशिक्षणाची विद्यार्थिनी त्याच वर्गात आहे, पण तिला बसायला सवड नाही. आईला पहिले काही दिवस वर्गात थोडा वेळ थांबू द्यायचं का? दाराशी रोज एकच ताई उभी राहील याची सोय कशी करायची? आईनं गुपचूप निघून न जाता सांगून निघावं, हे आईला कसं पटवायचं? सकाळी पहिल्यांदा वाळू आणि पाणी मांडायचं की गाणी घ्यायची? आणि हे सगळं बाकीची वीस-पंचवीस मुलं सांभाळत. तिच्या वहीत निरीक्षणं असतात, पण ती उद्याचं नियोजन करण्यासाठी. एकीला ‘असं का होतंय’ हे शोधायचंय, दुसरीला ‘आता काय करू’ हे ठरवायचंय.

दुसरा मोठा फरक वयाचा. बालशिक्षणाचा भर तीन ते सहा, फार तर आठ वर्षांपर्यंत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत स्तर धरल्यापासून तर जास्तच. तान्ह्या बाळांबद्दल खरी ओढ असेल तर बालविकासाकडे या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांच्या चाचणीवरून भारतीय बाळांसाठी ‘डासी’ ही विकास मोजणारी चाचणी तयार केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी तिच्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत. बाळ ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, घंटीच्या आवाजाकडे वळतं का, हे पाहून नोंदवायचं. असं काम शिकलं की ‘शेजारचा अकराव्या महिन्यात चालला, आमचा का नाही’ या प्रश्नाला नीट उत्तर देता येतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी बाळं आधाराशिवाय चालायला लागली ती सुमारे आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान.

२०२०च्या त्या शैक्षणिक धोरणातच एक वाक्य आहे, मेंदूच्या विकासाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहाव्या वर्षाआधी होतो. बालविकासाच्या वर्गात पहिला प्रश्न येईल: ८५ टक्के कशाचे? आकाराचे, वजनाचे, की जोडण्यांचे? सहा वर्षांचा मेंदू आकारानं जवळपास मोठ्या माणसाएवढा झालेला असतो हे खरं, पण नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. हा फरक ज्याला कळला, तो घाबरलेल्या आईबापांना घाईनं लेखन-गणिताच्या मागे लावणार नाही.

पण म्हणून बालशिक्षण कमी प्रतीचं समजू नका. महाराष्ट्रात त्याची परंपरा फार मोठी आहे. ताराबाई मोडक यांनी गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, पुढे १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेतली अंगणवाडी याच वाटेवरची. हाताशी असलेल्या चिंचोक्यांतून आणि पानांतून मोजणी शिकवणं हे कुठल्याही चाचणीइतकंच कसबाचं काम आहे.

नोकरीचं थोडक्यात. बालवाडीत शिकवायचं किंवा ती चालवायची असेल तर पूर्वप्राथमिकची पदविका थेट कामी येते. संशोधन, पाळणाघरांसाठी प्रशिक्षण, स्वयंसेवी संस्था किंवा प्राध्यापकी हवी असेल तर बालविकास. प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा इथे ‘गृहविज्ञान’ विषयात द्यावी लागते. यातल्या कुठल्याही पदवीनं तुम्ही चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम लागतो, हे आधीच माहीत असू द्या.

मुंबईत जुहूला आणि पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठ, मुंबईतच निर्मला निकेतन महाविद्यालय, आणि बडोद्याचं विद्यापीठ, ही बालविकासासाठी चौकशीची ठिकाणं. पदवी बालविकासात करून वर बालशिक्षणाची पदविका जोडणं सोपं. इग्नू या मुक्त विद्यापीठाची तर बारावीनंतर घरबसल्याही होते. उलट दिशेनं जायला पदवीची तीन-चार वर्षं पुन्हा द्यावी लागतात. प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांना निरीक्षण आणि सराव करता येईल अशी तुमची स्वतःची प्रयोगशाळा-बालवाडी आहे का, आणि दोन वर्षांखालच्या बाळांबरोबर विद्यार्थ्यांचे किती तास जातात.