विद्यापीठांचे डिजिटल धोरण : आधी कचेरी, मग वर्ग

मिश्र अध्यापनाचे, म्हणजे काही भाग वर्गात आणि काही ऑनलाइन शिकवण्याचे, आराखडे आज विद्यापीठांच्या विद्यापरिषदांपुढे येत असले, तरी त्यामागचा विचार टाळेबंदीत जन्मलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ ही शैक्षणिक कार्यक्रमांची मालिका सुरू केली, ती वर्गाबाहेर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यासाठीच.

महाराष्ट्रात या विचाराला घट्ट बैठक मिळाली ती नाशिकला. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद पाळायचे तर पाठ्यपुस्तकाची घडणच बदलावी लागणार होती. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून स्वयंअध्ययनाचे पुस्तक लिहिले जाते : घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मजकुरात थोड्याथोड्या अंतराने प्रश्न आणि पडताळून पाहायला शेवटी उत्तरे. दिवसभराची नोकरी आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला आपल्याला कितपत कळले आहे हे कोणाला न विचारता तपासता यावे, एवढाच त्यामागचा हेतू. माझ्या मते आपल्याकडील डिजिटल अध्यापनाचा खरा पाया हाच आहे, मग त्यात संगणक नसला तरी चालेल.

पारंपरिक विद्यापीठांमध्ये मात्र संगणक वर्गाऐवजी कचेरीच्या दाराने शिरला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावातल्या तरुणाचा हात माऊसवर ठेवला आणि ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ या प्रणालीने प्रवेश, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल यांसारखी कामे ऑनलाइन आणली. ही सोय मोठी होती, पण तिने शिकवण्याची रीत बदलली नाही. ते तिचे कामही नव्हते.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. तिथल्या अभ्यासक्रमाला चार अंगे लागतात : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. यांतले तिसरे अंग मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकात आधीपासून होते, हे तेव्हा फार कोणाच्या ध्यानात आले नाही. अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठांनी किती ग्राह्य धरायचे याची मर्यादा आयोगाने २०१६ च्या विनियमांत २० टक्के ठेवली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली.

दरम्यान मार्च २०२० मध्ये सगळे तास एकदम मोबाईलवर आले. वेळापत्रक तेच, तासिका तेवढीच, हजेरीही तशीच. पुस्तकांच्या चळतीला टेकवलेल्या फोनसमोर प्राध्यापक नेहमीचेच व्याख्यान देत राहिले आणि पलीकडे रेंजसाठी विद्यार्थी गच्चीवर चढले. माध्यम बदलले की पाठही नव्याने रचावा लागतो, हे त्या वर्षाने ढळढळीतपणे दाखवले. मे २०२१ मध्ये आयोगाने मिश्र अध्ययनाच्या संकल्पना टिपणाचा मसुदा काढून अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली.

आता अडते ते पाठ रचायला लागणाऱ्या वेळापाशी. शिक्षकांच्या नेमणुका-पदोन्नतीविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार चारही अंगांचा, ४ श्रेयांकांचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्या प्राध्यापकाला पदोन्नतीच्या गुणांकनात २० गुण मिळतात. त्याच विनियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास घ्यावेत असेही आहे, आणि पाठ लिहिण्यात, प्रश्न रचण्यात, चित्रीकरणात गेलेले दिवस त्या १६ तासांत धरायचे की नाही, हे आराखडा करणाऱ्या विद्यापीठालाच ठरवावे लागणार आहे.