अमेरिकेत चौथाच ‘पहिला’ कसा ठरला : ‘डॉक्टर हू’ची पार्श्वभूमी

‘डॉक्टर हू’ ही काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाची ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका. तिचे नाव काढले की पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ अमेरिकी प्रेक्षकांना लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा गळपट्टा गुंडाळलेला टॉम बेकर आठवतो. वास्तविक तो त्या भूमिकेतील चौथा नट. अमेरिकेची ही ओळख मधूनच का सुरू झाली, याचे उत्तर मालिकेच्या विक्रीच्या इतिहासात सापडते.

बीबीसीने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केली. (पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.) १९६६ मध्ये नायक विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरचा कायापालट होऊन नवा नट ती भूमिका पुढे नेऊ शकेल अशी सोय कथेतच करण्यात आली आणि मालिकेला दीर्घायुष्य लाभले.

टाइम-लाइफ या कंपनीने १९७२ मध्ये तिसऱ्या डॉक्टरच्या, जॉन पर्टवींच्या, कथा अमेरिकेत आणल्या. त्या मोजक्याच दूरचित्रवाणी केंद्रांनी घेतल्या. १९७८ मध्ये बेकर यांचे ९८ भाग आले, तेही हॉवर्ड डा सिल्व्हा यांच्या निवेदनासह. मागील कथा सांगण्यासाठी मूळ दृश्यांनाच कात्री लावलेली होती, आणि हा उपचार आजाराहून वाईट होता, असे म्हणावे लागेल.

खरा आश्रय दिला तो पीबीएस या अमेरिकेतील ना-नफा सार्वजनिक वाहिनीच्या स्थानिक केंद्रांनी. ही केंद्रे प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालत आणि कोणते कार्यक्रम घ्यायचे हे बरेचसे स्वतः ठरवत. त्यामुळे वर्गणी मागण्याच्या दिवसांत डॉक्टरचे चाहते दूरध्वनी घ्यायला स्वतः जाऊन बसत, आणि मालिका टिकवण्यात त्यांचा थेट वाटा असे. अनेक केंद्रे एका कथेचे चार-सहा भाग जोडून शनिवारी रात्री सलग दाखवत. ब्रिटिश मुलाला प्रत्येक भागाच्या शेवटी आठवडाभर जीव टांगणीला लावून बसावे लागे. इकडे तोच प्रसंग पुढच्या मिनिटाला सुटे, आणि एका अर्थी ती निराळीच कलाकृती होई. विसाव्या वर्षाचा विशेष भाग तर २३ नोव्हेंबर १९८३ रोजी काही अमेरिकी केंद्रांवर ब्रिटनच्या दोन दिवस आधी दिसला.

१९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये फॉक्स वाहिनीसाठी पॉल मॅकगॅन यांना आठवा डॉक्टर म्हणून घेऊन केलेल्या चित्रपटाची सुरुवातच सातव्या डॉक्टरपासून होती, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला आधी जुना नायक पाहावा लागे आणि मग तो का बदलला, हे समजून घ्यावे लागे. त्यातून अमेरिकी मालिका उभी राहिली नाही. बीबीसीने २००५ मध्ये केलेले पुनरुज्जीवन अमेरिकेतील साय-फाय वाहिनीवर पोहोचायला मार्च २००६ उजाडला, आणि त्या पिढीसाठी क्रिस्टोफर एकल्स्टन यांचा नववा डॉक्टर पहिला झाला.

२३ नोव्हेंबर २०१३ रोजी पन्नासाव्या वर्षाचा विशेष भाग मात्र अमेरिकेसह ९४ देशांत एकाच वेळी प्रक्षेपित झाला. त्याच्या शेवटी काही क्षणांपुरते एक वृद्ध गृहस्थ येऊन बोलतात. ते होते ७९ वर्षांचे टॉम बेकर.