हरणाच्या शिकारीआधी नेम पक्का करताना

अमेरिकेत लेकाकडे, भावाकडे जाणारी सोलापूरची मंडळी आमच्या एअर रायफलच्या (हवेच्या दाबानं छर्रा मारणाऱ्या रायफलच्या) शूटिंग रेंजवर येऊन विचारतात, "तिकडं हरणाच्या शिकारीला बोलावलंय, हात बसवून द्याल का?" जरूर देऊ. मात्र इथल्या शिकारीसाठी कोणालाही शिकवत नाही. आपला काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर ३ ते ७ वर्षं कैद होते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो दुर्बिणीतून बघावा, फार देखणा दिसतो.

तिकडची शिकार परवान्यावर आणि ठरलेल्या हंगामात चालते. व्हिजिटर व्हिसावर जाणार असाल, तर हंटिंग लायसन्सशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही. हे यजमानांकडून आधीच मार्गी लावून घ्या.

आता नेमाचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पुढच्या पायामागे, छातीत, साधारण २० सेंमीचा भाग असतो. हृदय आणि फुप्फुसं तिथंच. गोळी त्याबाहेर लागली की जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठंतरी झुडपात तडफडत मरतं. सरावाचं खरं कारण हेच. १०० मीटरवरचे २० सेंमी म्हणजे आमच्या १० मीटरच्या रेंजवर २ सेंमी, साधारण रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ. गुडघ्यावर बसून पाचही छर्रे त्यात बसेपर्यंत पुढं जायचं नाही. टेबलावर रायफल टेकवून मारलेले छर्रे आम्ही मोजत नाही, कारण रानात टेबल नसतं.

बहुतेकांचा नेम बिघडतो तो चापावर. बोटाचा सांधा नको, टोकाकडचा मऊ भाग ठेवा. अर्धा श्वास सोडून थांबा आणि सरळ मागे, सावकाश दाबत जा. छर्रा सुटल्यावरही क्षणभर डोळा माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) हलवू नका. आम्ही नळीवर नाणं ठेवून ड्राय प्रॅक्टिस (छर्रा न भरता चाप दाबायचा सराव) घेतो; नाणं पडलं तर चापाला झटका बसतोय. हा सराव घरच्या स्प्रिंगच्या रायफलवर मात्र करू नका, छर्र्याशिवाय चालवली की पिस्टन खराब होतो.

एअर रायफलला मोठ्या रायफलसारखा खांद्याला धक्का नसतो. त्यामुळे तिकडं पोचल्यावर, ज्या रायफलनं शिकार करणार तिचं झिरोइंग (नेम धरू तिथंच गोळी लागेल असं जुळवणं) तिथल्या रेंजवर स्वतः करा.

पहिल्या दिवशी ओळखपत्र आणा, सपाट तळाचे बूट घाला. चष्मा असेल तर रोजचाच लावून या.