बालसुरक्षित वेष्टन

औषधे, आम्ले, जंतुनाशके, कीटकनाशके अशा घरगुती पण धोकादायक पदार्थांसाठीचे, पाच वर्षांखालील मुलाला ठरावीक वेळात उघडणे अवघड जाईल, मात्र प्रौढाला फारसे कष्ट न पडता उघडता येईल, असे वेष्टन. येथे ‘अवघड’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरलेला आहे. मूल ते कधीच उघडणार नाही, अशी हमी कोणताही कायदा देत नाही.

दाबून फिरवायचे झाकण १९६७ च्या सुमारास कॅनडातील बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांच्या प्रयत्नांतून रूढ झाले. अमेरिकेने १९७० मध्ये यासाठी कायदा केला. तेथील चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बंद बाटली देऊन पाच मिनिटे वाट पाहतात, नंतर ती न बोलता उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. एवढे करूनही किमान ८० टक्के मुलांना ती उघडता आली नाही, तरच वेष्टन मान्य होते. ज्येष्ठांनी कंटाळून झाकण उघडेच ठेवू नये, म्हणून ५० ते ७० वयाच्या प्रौढांचीही चाचणी घेतात.

भारतात घरगुती रसायनांसाठी अशी सर्वसाधारण सक्ती नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ नोंदणी आणि लेबल यांवर भर देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर घातलेले निर्बंध हल्ले रोखण्यासाठी होते, घरात रांगणाऱ्या मुलासाठी नव्हेत.

ठाणे आणि नवी मुंबईच्या दाट वस्त्यांत खरी अडचण झाकणाच्याही अलीकडची आहे. दिघा, रबाळे, कळवा अशा भागांतील एका खोलीच्या घरात उंच फळी किंवा कुलपाचे कपाट असतेच असे नाही, आणि सुटे फिनेल किंवा आम्ल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणले, तर मूळ वेष्टनासाठी केलेला कोणताही नियम तेथवर पोहोचत नाही. पाण्यात मिसळलेले फिनेल दुधासारखे दिसते, ही बाब तर विशेष काळजीची आहे. त्यामुळे नियमनाचा विचार कारखान्यापुरता न ठेवता सुट्या विक्रीपर्यंत नेणे अत्यावश्यक ठरते.

रॉकेल किंवा आम्ल गिळलेल्या मुलाला उलटी करवू नये. रॉकेल पातळ असल्याने फुप्फुसांत उतरते आणि आम्ल वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. रुग्णालयात जाताना मूळ बाटली सोबत न्यावी लागते, कारण उपचार तिच्यावरील घटकांच्या नोंदीवरून ठरतात. थंड पेयाच्या बाटलीवर ती नोंद नसते.